सातबाऱ्यावरचा परदेशी

पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटचा भाव विचारून आल्यावर ज्याचा चेहरा उतरला नाही, असा माणूस माझ्या ओळखीत तरी नाही. त्या रात्री जेवणं झाली की सगळे जण एकच उद्योग करतात. फोनवर स्वस्त देश शोधतात. तिबिलिसीत बाल्कनीतून डोंगर दिसणारा वन बीएचके. बालीत भातखाचरांच्या कडेला छोटासा व्हिला. जपानात तर म्हणे घरं रिकामी पडून आहेत, घ्यायला माणूस मिळत नाही! आणि इटलीतलं ते एक युरोचं घर... ते आमच्या ग्रुपमध्ये इतक्या वेळा फिरलंय की आता कुणी त्यावर स्मायलीसुद्धा टाकत नाही.

मीही त्याच उद्योगात होते. फरक इतकाच की मला त्याचे पैसे मिळणार होते. एका संपादकांनी ‘परदेशात स्वस्तात घर’ असा विषय आणि दोन आठवड्यांची डेडलाइन दिली होती. नेमका त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मूळ यवतमाळचा, आता रीतसर अमेरिकन नागरिक. त्याचा विषयही तोच होता, फक्त उलट्या बाजूने. त्याला यवतमाळजवळ आमच्या गावात चार एकर वावर घ्यायचं होतं. म्हणजे या गोष्टीत परदेशी तो होता.

आधी माझ्या लेखाचं सांगते, कारण दादाची भानगड त्याशिवाय कळायची नाही.

स्वस्त घराच्या शोधात निघालेला माणूस किंमत बघतो. मीही आधी किमतीच काढल्या. मग हळूहळू लक्षात आलं की घर विकत मिळणं आणि त्या घरात राहायला मिळणं ही दोन वेगवेगळी खाती आहेत. जपानचंच बघा. तिथे परदेशी माणसाला घर आणि जमीन दोन्ही घेता येतात, फारशी अडवणूक नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायचं आणि मुदत संपली की बॅग भरायची! इटलीत सिसिलीच्या सांबुका गावाने २०१९ मध्ये एक युरोपासून बोली लावून घरं काढली, तिथे अट होती तीन वर्षांत दुरुस्ती करण्याची आणि पाच हजार युरो अनामत ठेवण्याची. छप्पर पडलेलं घर, परकी भाषा, परका गवंडी. एक युरो ही फक्त सुरुवात.

उलट काही देशांत घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळायचा. युरोपातल्या त्या ‘गोल्डन व्हिसा’चं आपल्याकडे किती कौतुक होतं! पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा रस्ता बंद केला. स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला योजनाच गुंडाळली. दोन्हीकडे तक्रार एकच होती : बाहेरचे पैसे येतात, घरांचे भाव चढतात आणि तिथल्याच पोरांना स्वतःच्या शहरात घर परवडत नाही. तिबिलिसीत २०२२ मध्ये रशियातून लोंढे आले तेव्हा भाडी एकदम उडाली. म्हणजे आपण ‘स्वस्त, स्वस्त’ म्हणत जिथे जातो तिथल्या माणसाला ते स्वस्त नसतंच. हिंजवडीच्या आसपासच्या मूळ गावकऱ्यांना विचारा, ते जास्त चांगलं सांगतील.

पैसे बाहेर नेण्याचं प्रकरण वेगळंच. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. ऐकायला सॉलिड वाटतं. पण या कामासाठी इथली बँक कर्ज देत नाही, म्हणजे ईएमआयवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांची विकेट तिथेच पडली. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांवर जी रक्कम जाईल तिच्यावर वीस टक्के टीसीएस कापला जातो. तो पुढे इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. शिवाय ते घर दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं. दाखवलं नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांपर्यंतचा दंड. सीए असलेल्या मैत्रिणीला हे सगळं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तू आधी पुण्यातलं डिपॉझिट परत मिळव, मग जॉर्जियाचं बघू.”

आणि मग थायलंड. तिथे परदेशी माणसाला कॉन्डो घेता येतो, पण इमारतीच्या एकूण जागेपैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. जमीन मात्र नाही. मग बीचवर बंगला बांधणारे गोरे लोक काय करतात? तिथल्या एखाद्याच्या नावावर जमीन घेतात. बायको, मैत्रीण, वकिलाने जमवून दिलेले भागीदार, कुणीही. पैसा याचा, नाव त्याचं. इंडोनेशियातही तेच. तिथे पूर्ण मालकी फक्त नागरिकाला, बाहेरच्याला भाडेपट्टा किंवा वापराचा हक्क. म्हणून बालीत ‘नाव उसनं’ घेण्याचा धंदा जोरात चालतो. त्यांच्या १९६० च्या जमीन कायद्यात स्पष्ट लिहिलंय की असा व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा. कागद पक्का, वकील गोड बोलणारा, व्हिला सुंदर. आणि सगळं उभं कशावर, तर नाव देणाऱ्याचं मन फिरू नये यावर! या परिच्छेदाला मी ‘मैत्रीचा सातबारा’ असं मथळ्याचं नाव देऊन खूश झाले होते.

आता दादाचा प्लॅन ऐका.

आर्णी रोडवरून आत आमचं गाव. आजोबांचं वावर दोन भावांत वाटलं गेलं, अर्धं मोठ्या बाबांचं, अर्धं माझ्या बाबांचं. बाबा गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव चढलं. मोठ्या बाबांच्या धुऱ्याला लागून चार एकर आहेत आणि धुऱ्यावरच्या विहिरीत त्या शेताचाही हिस्सा आहे. दर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून कुरबुर ठरलेली. त्या शेताचा मालक मुलाकडे नागपूरला राहायला गेला आणि त्याने वावर विकायला काढलं. दादाच्या डोक्यात ते लहानपणापासून होतं. “ते चार एकर आले की विहीर पूर्ण आपली,” हे वाक्य त्याने फोनवर तीनदा म्हटलं.

“तू घे ना तुझ्या नावावर. पैसे मी पाठवतो. तुझं नाव सातबाऱ्यावर आहेच, तू इथेच राहतेस. पेपरवर्कच तर आहे!”

मी लॅपटॉपवर ‘मैत्रीचा सातबारा’ उघडून बसले होते.

दादाला स्वतःच्या नावावर ते वावर का घेता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यालाही अर्धवटच माहीत होतं. परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्ड घेतलेला परदेशी नागरिक, फेमाच्या नियमांप्रमाणे तो भारतात फ्लॅट घेऊ शकतो, दुकान घेऊ शकतो, यवतमाळात दारव्हा रोडवर बंगला बांधू शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र घेता येत नाहीत. कुणी बक्षीस दिलं तरी चालत नाही. चालतो तो फक्त वारसा. आणि ओसीआय नसलेल्या, बाहेरच राहणाऱ्या परक्या माणसाला तर फ्लॅटही नाही. गोव्यात मोरजीसारख्या किनाऱ्यांवर रशियन लोकांनी घेतलेल्या जागांवरून जी चौकशीची प्रकरणं गाजली, ती यातूनच. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस तिथे भाड्याने राहू शकतो, घराचा मालक होऊ शकत नाही.

“मी सिटिझनशिप घेतली म्हणून ही शिक्षा का?” दादा म्हणाला. तसं नाही. निळा पासपोर्ट होता तेव्हाही तो एनआरआय होता आणि तेव्हाही त्याला शेत घेता आलं नसतं. इतकंच काय, मी उद्या खरंच तिबिलिसीला कायमची राहायला गेले तर बाबांचं वावर माझं राहील, पण नवं एक गुंठाही मला घेता येणार नाही. आणि मुळशीत फार्महाऊससाठी शेतजमीन बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही पुण्यात राहता म्हणून सुटलात असं समजू नका. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन मिळत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे, पण अट तीच. हिमाचलात तर १९७२ पासून कलम ११८ आहे, बाहेरच्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन नाही. आपल्याच देशात आपण बऱ्याच ठिकाणी परदेशी असतो, फक्त पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत.

हे सगळं मोठ्या बाबांना समजावून सांगायला मी यवतमाळला गेले. खरं तर फोनवर सांगता आलं असतं. पण मोठ्या बाबांना फोनवर काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, आणि दत्त चौकात उतरून तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय मला तरी कायदा सुचत नाही.

मोठे बाबा ओसरीत खाटेवर बसून ऐकत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजून रोज वावरात जातात. माझं संपल्यावर म्हणाले, “काहून वं पोरी, इंग्रजाची शकुंतला चालली ना आपल्या यवतमाळात इतके वर्ष? त्याले कोनं अडवलं? अन् माह्या पोराले चार एकर घेता येत नाही म्हन्ते!”

माझी बोलतीच बंद. मुद्दा खरा होता. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अडीच फुटी नॅरोगेज गाडी. इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन, इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेली. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला द्यायचा कंपनीला. १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, तरी मालकीचा कागद तोच. ‘आपण अजून इंग्रजाले भाडं देतो’ हे वाक्य ऐकतच आमची पिढी मोठी झाली. ११३ किलोमीटरला दिवस घालवणारी ती गाडी आता बंद पडलीय, रुळांवर बाभळी उगवल्यात. पण परक्याच्या मालकीची वस्तू म्हणजे काय हे यवतमाळच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मी म्हटलं, “मोठे बाबा, म्हणून तर नंतर कायदे झाले.” १९७३ च्या फेराने परदेशी नागरिकांच्या मालमत्ताखरेदीवर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची अट टाकली, २००० मध्ये फेरा जाऊन फेमा आला, नियम बरेच सैल झाले. शेतजमिनीचा मात्र झाला नाही.

“मंग तुह्या नावानं घ्याले काय होते?”

हाच प्रश्न मी कोर्टाजवळच्या एका वकिलांना विचारला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसे देणाऱ्याला, म्हणजे बेनामी. १९८८ चा कायदा आहे, २०१६ मध्ये त्याला दात आले. जमीन जप्त, एक ते सात वर्षांची कैद आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. आणि शिक्षा पैसे देणाऱ्याला असते तशी नाव देणाऱ्यालाही. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या, मुलांच्या नावावर घेतलं तर सूट आहे. भाऊ-बहिणीसाठी वेगळ्या अटी. “चुलत बहीण त्या यादीत नाही,” वकीलसाहेब म्हणाले. वर फेमाचा भंग झाला तो वेगळा, त्यात रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

बालीत जमीन सरकारजमा, इथे जमीन जप्त. माझ्या लेखातला गोरा म्हणजे माझा दादा आणि त्याला नाव उसनं देणारी बालीची बाई म्हणजे मी! आणि खरं सांगायचं तर मला कायद्याहून जास्त भीती दुसरीच वाटत होती. चार एकर माझ्या नावावर, आज मी एकटी. उद्या लग्न होईल, घर घ्यायचं निघेल, आईचं आजारपण असेल. तेव्हा ‘हे माझं नाही’ असं मी दर वर्षी स्वतःला सांगत राहीन? आणि दादा दर वर्षी फोन करून खात्री करून घेत राहील? आमच्या घरात आजोबांच्या वाटणीवरून दोन भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. ती तीन वर्षं मी लहानपणी बघितली आहेत. दिवाळीला मोठी आई मागच्या दाराने चकल्या द्यायची.

दादाला मी सरळ ‘नाही’ म्हणून कळवलं. तो चिडला. “परक्यासारखं वागतेस,” म्हणाला. शब्द भारी निवडला होता त्याने.

मार्ग वकिलांनीच सांगितला होता. मुलाने बापाला पैसे बक्षीस द्यावेत. अगदी खरे बक्षीस, परतीची अट नाही, चिठ्ठीचपाटी नाही. बाप भारतात राहणारा शेतकरी. तो स्वतःसाठी, स्वतःच्या नावावर वावर घेईल. पुढे वारशाने ते मुलाला मिळू शकतं, कारण वारसा फेमात चालतो. कायद्याने स्वच्छ. फक्त एकच गोष्ट : बापाने घेतलं की ते बापाचं.

स्पीकर फोनवर हे सांगितलं तेव्हा दादा “हां, मग पप्पांच्या नावावर घेऊ, एकच आहे” म्हणाला. मोठे बाबा खाटेवरूनच बोलले, “एक नाही बाप्पा. मंग ते वावर माह्यं झालं. मी कोनाले द्याचं ते मी पाहीन. ताई हाय ना आपली.”

न्यू जर्सीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. ताई म्हणजे दादाची मोठी बहीण, पुसदला असते. तिचं नाव या सगळ्या चर्चेत तोपर्यंत एकदाही निघालं नव्हतं. वडिलांच्या वारशात तिचा हक्क दादाइतकाच आहे. विहीर ‘पूर्ण आपली’ करताना ‘आपली’मध्ये कोण कोण, याचा हिशेब दादाने केलेला नव्हता. मला वाटलं प्रकरण इथेच संपणार. पण दहा-बारा दिवसांनी त्याने पैसे पाठवले. सोबत दोन ओळी, बक्षीस म्हणून, बिनशर्त. अमेरिकेत राहून माणूस बिघडतो असं म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती.

माझा लेख वेळेत गेला. ‘मैत्रीचा सातबारा’ मी त्यातून काढून टाकलं, नाव फार गोड वाटायला लागलं होतं. संपादकांना हवं होतं ‘घर घ्या’, मी लिहिलं ‘घेऊ नका, राहून या’. थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा काढलाय. खात्यात पाच लाख बाथ, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये दाखवायचे, बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करायचं आणि एका वेळी १८० दिवस राहायचं. भाड्याची खोली, महिन्याचा हिशेब, आवडलं नाही तर परत. विशी-तिशीतल्या फ्रीलान्सरला तेवढं पुरतं. माझ्या खात्यात तेवढे पैसे नाहीत हा भाग वेगळा, पण निदान जमवायचा आकडा कळला. तिबिलिसीचा तो डोंगरवाला फ्लॅट मी फोनमधून डिलीट केला.

खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदलं गेलं, तलाठ्याने फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस लागली, कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखा एक माणूस होता, पण त्याच्याकडे कागद नव्हता. गावातलाच एक शेतकरी ते चार एकर नऊ वर्षं मक्त्याने करत होता. स्वतःची दोन एकर कोरडवाहू. त्यालाही ते वावर हवं होतं. त्याने दोन सावकारांकडे आणि एका बँकेत विचारलं होतं, जमवलेला आकडा मालकाला सांगितलाही होता. आमचा आकडा मोठा होता. कायदा आम्ही अक्षरशः पाळला, पण धुऱ्यावर शेवटी डॉलरच पोहोचले. पोर्तुगालवर चार परिच्छेद लिहिणारी मी, हे त्याच्यासमोर बोलून दाखवू शकले नाही.

मोठ्या बाबांनी त्याला बोलावून सांगितलं की यंदाही वावर तूच कर, मक्ता मागच्याच भावाने. मृगाचा पाऊस उशिरा आला. त्याने पऱ्हाटीत तुरीचं आंतरपीक घेतलंय. विहिरीच्या पाण्याची पाळी आता कशी लावायची, ते मोठे बाबा आणि तो दोघं मिळून ठरवतात आणि अजून भांडतात.